केरळच्या शाळांनी विंडोज सोडलं तेव्हा शिक्षक कसे तयार झाले? : एक प्रकरण अभ्यास

२००८ साली केरळात दहावीच्या सुमारे पाच लाख मुलांनी माहिती तंत्रज्ञानाची परीक्षा दिली आणि ती पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर झाली. शाळांच्या संगणकांवर विंडोज नव्हतं, लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली होती. कौतुक झालं ते मुलांचं आणि सरकारच्या धोरणाचं. पण त्याआधीची काही वर्षं खरी मेहनत घेतली ती शिक्षकांनी. हे काही संगणकशास्त्र शिकलेले लोक नव्हते. गणित, मल्याळम, विज्ञान, समाजशास्त्र शिकवणारी ही माणसं. त्यांतल्या अनेकांनी पाच-सहा वर्षांपूर्वी माउससुद्धा हातात धरलेला नव्हता. आधी त्यांना विंडोज शिकवलं गेलं. ते जरा अंगवळणी पडतंय तोच ते बाजूला ठेवून दुसरं काहीतरी शिकायला सांगितलं गेलं. आणि ते शिकले.

शिक्षकांच्या तंत्रज्ञान कार्यशाळांचा विषय निघाला की मला हे प्रकरण सर्वात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे अशी प्रशिक्षणं फसली की जी कारणं पुढे केली जातात, म्हणजे शिक्षकांचं वय, इंग्रजीची भीती, जाणारी वीज, मोजके संगणक, अभ्यासक्रम संपवण्याची घाई, ती सगळी केरळातही होती. वेगळं होतं ते तीन गोष्टींत: कार्यशाळा कोण घेतं, कशावर घेतं, आणि शिक्षक परत शाळेत गेल्यावर त्याच्या हातात काय उरतं. या लेखात मी मुख्यतः याच तीन गोष्टींचा माग काढणार आहे.

सुरुवात

इस्रोचे माजी अध्यक्ष प्रा. यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शाळांत माहिती तंत्रज्ञान कसं आणावं याचा आराखडा केरळ सरकारला दिला आणि २००१ मध्ये ‘आयटी@स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला. तो शिक्षण खात्याच्याच अंगणात ठेवला गेला. पुढे माहिती तंत्रज्ञान हा आठवी ते दहावीचा रीतसर विषय झाला आणि २००५ पासून दहावीच्या परीक्षेतही आला.

या सगळ्यात एक निर्णय असा होता की त्याच्याकडे सहज दुर्लक्ष होतं. या विषयासाठी वेगळा संगणक शिक्षक नेमायचा नाही, शाळेत आधीपासून असलेल्या विषय शिक्षकांनीच तो शिकवायचा, असं ठरलं. कागदावर ही काटकसर वाटते. माझ्या मते मात्र पुढचं सारं यश या एका निर्णयावर उभं आहे.

त्याच सुमारास देशातल्या अनेक राज्यांनी उलटी वाट धरली होती. तिला ‘बूट’ पद्धत म्हणत: कंपनीने शाळेत संगणक कक्ष उभारायचा, आपला माणूस नेमून तो चालवायचा आणि करार संपला की सगळं शाळेच्या ताब्यात द्यायचं. करार साधारण पाच वर्षांचे. महाराष्ट्रातही केंद्र सरकारच्या आयसीटी (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान) योजनेखाली हे झालं. कराराची मुदत संपली, संगणक शिक्षक गेले, त्यांच्या नोकरीचा प्रश्न आंदोलनांपर्यंत पोचला आणि कित्येक शाळांत कक्षाला कुलूप लागलं. यात त्या तरुण शिक्षकांचा दोष काडीचाही नव्हता. पण त्या पाच वर्षांत शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना किंवा मराठीच्या सरांना संगणकाशी काही देणंघेणंच राहिलं नाही. संगणकाचा तास म्हणजे त्यांचा ऑफ तास. कंपनीचा माणूस गेला तेव्हा शाळेकडे यंत्रं उरली आणि ती वापरणारं कुणी उरलं नाही.

केरळात संगणकाचा तास हा विषय शिक्षकाचाच तास होता. त्यामुळे तो शिकल्याशिवाय सुटका नव्हती. आणि शिकला की ते शाळेतच राहणार होतं.

पुस्तकावरून उठलेला वाद

सुरुवातीचं पाठ्यपुस्तक आणि प्रशिक्षण दोन्ही एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरभोवती फिरत होतं. त्या काळात तेच स्वाभाविक वाटायचं. देशभरात शिक्षकांना शिकवायला मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलचे कार्यक्रम चालू होते, केरळातही होते. आक्षेप घेतला तो शिक्षकांच्या संघटनेने. केरळ स्कूल टीचर्स असोसिएशनने विचारलं की सरकारी पाठ्यपुस्तक एका कंपनीच्या मालाची ओळख करून देण्यासाठी आहे का? मुलांनी ‘शब्दसंस्करण’ शिकायचं की ‘वर्ड’ शिकायचं?

या प्रश्नाला केरळात जमीन तयार होती. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांच्या उपस्थितीत जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरम इथेच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची सुरुवात झाली होती. (या संस्थेचं अध्यक्षपद पुढे मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन यांनी सांभाळलं, शाळेतल्या विज्ञान-गणिताशी या चळवळीचं नातं जुळण्यात मुंबईच्या या केंद्राचा वाटा आहे.) मल्याळम लिपी संगणकावर नीट दिसावी, नीट टंकता यावी म्हणून खपणारे ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’चे स्वयंसेवक होते. पुस्तकात बदल झाला, विंडोजच्या जोडीला लिनक्स आलं, काही काळ दोन्हींची मुभा राहिली. मे २००६ मध्ये व्ही. एस. अच्युतानंदन यांचं सरकार आल्यावर कौल स्पष्टच मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने गेला.

संघटनेने हा मुद्दा उचलला याचा प्रशिक्षणावर झालेला परिणाम मला फार मोलाचा वाटतो. नव्या प्रणालीवर जायचं हे फक्त वरून आलेलं परिपत्रक राहिलं नाही. शिक्षकांतल्याच एका मोठ्या गटाची ती मागणी होती. कार्यशाळेत बसलेल्या प्रत्येकाला ती पटली होती असं नाही, नाराजीही होतीच. पण समोर उभा असलेला प्रशिक्षक ‘सरकारने सांगितलंय म्हणून’ एवढंच बोलत नव्हता.

कोण शिकवतं?

आयटी@स्कूलचे प्रशिक्षक म्हणजे शाळेतलेच शिक्षक. त्यांना शाळेतून काढून जिल्ह्याच्या केंद्रात बसवलं जाई आणि ‘मास्टर ट्रेनर’ म्हटलं जाई. केरळचे जिल्हे चौदा. सगळे मिळून असे प्रशिक्षक १६० च्या आसपास. त्यांच्याखाली शाळाशाळांतले शिक्षकच ‘स्कूल आयटी कोऑर्डिनेटर’, म्हणजे समन्वयक, म्हणून निवडलेले. हे समन्वयक साडेपाच हजारांच्या घरात गेले. समन्वयकालाही स्वतःचा विषय आणि स्वतःचे वर्ग होतेच.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या साखळीचं महत्त्व आकड्यांत दिसत नाही. बाहेरून आलेला तज्ज्ञ दोन दिवस शिकवून जातो. त्याचं बोलणं चांगलं असतं, पडद्यावरच्या पाट्या देखण्या असतात. मग चार आठवड्यांनी शाळेत प्रोजेक्टरवर चित्रच उमटत नाही, मुलं वाट बघत बसलेली असतात, आणि विचारायला कुणी नसतं. शिक्षक एकदा तोंडघशी पडला की पुन्हा त्या यंत्राच्या वाटेला जात नाही. वर्गात पन्नास डोळ्यांसमोर फजिती होणं काय असतं हे शिक्षकी केलेल्याला सांगावं लागत नाही. केरळात अशा वेळी विचारायला पहिला माणूस स्टाफरूममध्येच होता आणि दुसरा त्याच जिल्ह्यात. दोघंही शिक्षक. त्यांना ‘हा धडा पहिल्या चाचणीआधी संपवायचाय’ या वाक्यातलं ओझं समजावून सांगावं लागत नव्हतं.

प्रशिक्षणं मुख्यतः एप्रिल-मेच्या सुट्टीत ठेवली जात. केरळची शाळा जूनच्या पहिल्या दिवशी उघडते. म्हणजे शिकणं आणि वापरणं यांत फार दिवस जात नाहीत. सुट्टी जाते ही शिक्षकांची तक्रार खरीच आहे, त्यातही बहुतांश शिक्षिका असलेल्या राज्यात घरचं सगळं सांभाळून सुट्टीत प्रशिक्षणाला येणं किती अवघड असेल हे उघड आहे. तरी वर्षाच्या मध्यावर, परीक्षांच्या तोंडावर उरकलेल्या प्रशिक्षणापेक्षा याचा उपयोग जास्त झाला असं मला ठामपणे वाटतं.

हाताखाली काय होतं?

पहिला टप्पा सगळ्यांत रुक्ष होता: संगणकावर लिनक्स चढवायचं कसं. इथे आयोजकांना सोपा मार्ग होता. तयार यंत्रं समोर ठेवून फक्त वापर शिकवता आला असता. त्यांनी समन्वयकांकडून प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन करून घेतलं: डिस्कचे भाग पाडणं, जुनी माहिती जपणं, छापयंत्र जोडणं, मल्याळम कळफलक सुरू करणं. चुका होणारच. डिस्कचा चुकीचा भाग पुसला गेला की सगळं जातं. पण ती चूक कार्यशाळेत, शेजारी जाणकार असताना झालेली बरी. स्वतःच्या हाताने यंत्र उघडं-बंद, कोरं-भरलेलं केलं की त्याची भीती जाते. पुढे ‘हार्डवेअर क्लिनिक’ भरवून शाळांतले बंद पडलेले संगणक शिक्षक आणि मुलांनीच दुरुस्त केले, त्याची मुळं याच टप्प्यात आहेत.

दुसरी गोष्ट सीडीची. आयटी@स्कूलने शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती बांधली. आधी डेबियनवर आधारलेली, नंतर उबुंटूवर (या दोन्ही लिनक्सच्याच प्रचलित आवृत्त्या). शाळेला लागेल ते त्यात भरलेलं होतं: लिखाणाचं, चित्रांचं, आवाजाचं सॉफ्टवेअर, तारामंडल, आवर्तसारणी, भूमितीची साधनं, सगळं मल्याळम वापरता येईल अशा बेताने. शिक्षक कार्यशाळेतून निघताना ती सीडी घरी नेऊ शकत होता, शेजाऱ्याला देऊ शकत होता, मुलाला कॉपी करून देऊ शकत होता, आणि यात काहीही बेकायदा नव्हतं. परवान्याचे पैसे वाचले याची चर्चा खूप झाली. मला त्याहून मोठी वाटते ती ही सोय. कार्यशाळेत जे शिकलो नेमकं तेच, त्याच चेहऱ्याने, शाळेच्या कक्षात आणि घरच्या संगणकावर असणं. सराव तिथेच होतो. महागड्या सॉफ्टवेअरवर प्रशिक्षण घेऊन शाळेत परतावं आणि तिथे ते नसावंच, हा अनुभव आपल्याकडे पुष्कळांच्या गाठीशी आहे.

तिसरा टप्पा उशिरा आला आणि खरं तर तोच गाभा होता: स्वतःच्या विषयात याचं करायचं काय? जिओजेब्राचं, म्हणजे पडद्यावर भूमितीच्या आकृत्या काढून हलवता येणाऱ्या सॉफ्टवेअरचं, उदाहरण घेऊ. ‘अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो’ हे प्रमेय फळ्यावर शिकवताना आपण एक आकृती काढतो आणि सिद्धता लिहितो. मुलांना सिद्धता पाठ होते. पण ती एका आकृतीबद्दल आहे की सगळ्या आकृत्यांबद्दल, हा प्रश्न कित्येकांच्या मनात उमटतच नाही. जिओजेब्रात व्यास काढायचा, वर्तुळावर एक बिंदू घ्यायचा, कोनाचं माप पडद्यावर ठेवायचं आणि बिंदू ओढायचा. बिंदू वर्तुळभर फिरतो, त्रिकोणाचा आकार सतत बदलतो, माप नव्वदवरून हलत नाही. मग वर्तुळाला न चिकटवलेला बिंदू घेऊन तो वर्तुळाच्या आत ओढायचा: माप वाढलं. बाहेर ओढायचा: कमी झालं. आता वर्गाला विचारायचं, असं का? इथून पुढे सिद्धतेची गरज मुलांनाच वाटू लागते.

ही कृती शिकायला शिक्षकाला अर्धा तास पुरतो. पण ती आकृती तयार दाखवली तर तिचा उपयोग जेमतेम व्हिडिओइतका. शिक्षकाने ती स्वतः बांधली, बिंदू वर्तुळाला न चिकटवता नुसता जवळ ठेवला, ओढताच सगळं बिघडलं, आणि मग ‘वर्तुळावरचा बिंदू’ आणि ‘वर्तुळाजवळचा बिंदू’ यांतला फरक त्याच्या ध्यानात आला, तर तो भूमितीचाच फरक आहे. कार्यशाळेत हाताने करण्याला महत्त्व आहे ते यासाठी. बटण कुठे आहे हे पुस्तिकेतही कळतं. आपल्या विषयातली एखादी जुनी गोष्ट नव्याने उकलली तर शिक्षक ते साधन वर्गात घेऊन जातो. नाही उकलली तर नेत नाही, कितीही प्रमाणपत्रं दिली तरी.

जे साधलं नाही

साखळी पद्धतीत प्रत्येक पायरीवर काहीतरी गळतं. मास्टर ट्रेनरने आठवडे घालवून मिळवलेली समज समन्वयकापर्यंत काही दिवसांत आणि सहकारी शिक्षकांपर्यंत काही तासांत पोचवायची, म्हणजे शेवटी उरतात त्या पायऱ्या: इथे क्लिक करा, मग तिथे. कशासाठी, हे वाटेत सांडतं. केरळनेही ही गळती पूर्ण थांबवली असं मी म्हणणार नाही. समन्वयक शाळेतच असल्याने ती भरून काढायला संधी मात्र मिळत राहिली.

परीक्षेचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. विषय दहावीला आला म्हणून शाळांनी तो गंभीरपणे घेतला, शिक्षक प्रशिक्षणाला आले, कक्ष बंद पडले की पालक विचारू लागले. आपल्याकडे परीक्षेबाहेरच्या गोष्टीचं काय होतं हे माहीत असल्याने हा लाभ मी कमी लेखत नाही. पण परीक्षा आली की साधन वापरण्याचं कौशल्यच शिकण्याचा विषय होऊन बसतं. वर्तुळाचं प्रमेय समजण्यासाठी जिओजेब्रा, याऐवजी जिओजेब्राची परीक्षा. शिक्षकांचं प्रशिक्षणही मग तिकडे झुकतं.

आणि सर्वांत टोचणारी बाब: उत्तम शिक्षक मास्टर ट्रेनर झाला की त्याचा वर्ग सुटतो. शंभर-दीडशे चांगल्या शिक्षकांना वर्गाबाहेर काढण्याची किंमत कुठल्याही अहवालात नोंदली जात नाही. त्यांनी वर्षानुवर्षं बाहेरच राहावं की काही वर्षांनी परत फळ्यासमोर जावं? माझं मत परत जाण्याच्या बाजूने आहे. वर्ग सुटून दहा वर्षं झालेला प्रशिक्षक बाहेरच्या तज्ज्ञासारखाच होत जातो.

पुढचा प्रवास थोडक्यात

२००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सुरू झालेली ‘व्हिक्टर्स’ ही शैक्षणिक वाहिनी याच प्रकल्पाची. २०१७ मध्ये प्रकल्पाचं रूपांतर ‘काइट’ या सरकारी कंपनीत झालं. २०१८ पासून आठवी ते बारावीच्या ४५ हजार वर्गखोल्यांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर बसले, मुलांचे ‘लिटल काइट्स’ गट सुरू झाले, शिक्षकांसाठी ‘समग्र’ हे साधनसंग्रहाचं संकेतस्थळ आलं. १ जून २०२० ला टाळेबंदीतच शाळेचं वर्ष सुरू झालं आणि त्याच दिवशी व्हिक्टर्सवर ‘फर्स्ट बेल’चे तास लागले. वर्ग घेणारे शिक्षक शाळांतलेच होते. घरी टीव्ही किंवा इंटरनेट नसलेली अडीच लाखांवर मुलं आहेत हेही तेव्हाच समोर आलं, आणि त्यांच्यासाठी सार्वजनिक ठिकाणी टीव्ही लावायची धावपळ करावी लागली.

महाराष्ट्राकडे पाहिलं तर आपल्याकडेही शिक्षकानेच शिक्षकाला शिकवण्याची परंपरा आहे. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमानंतर जिल्हा परिषद शाळांमध्ये डिजिटल वर्गांची जी लाट आली ती बरीचशी लोकवर्गणीवर आणि शिक्षकांच्या आपसांतल्या देवाणघेवाणीवर आली. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघून कित्येकांनी आपल्या गावात तसं काही उभारलं. उत्साहात आपण केरळच्या मागे नव्हतो. आपल्याकडे उणीव राहिली ती केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, जाणत्या शिक्षकाला अधिकृत वेळ, अधिकार आणि जबाबदारी देण्याची. त्याची बदली झाली की त्याच्याबरोबर सगळंच जातं. दर महिन्याला होणारी केंद्राची शिक्षण परिषद ही यासाठी आयती जागा आहे. तिथे एक धडा, एक साधन आणि प्रत्येकाच्या हातात यंत्र, एवढं ठरवलं तरी पुष्कळ होईल.

२ मे २०२४ पासून काइटने आठवी ते बारावीच्या सुमारे ८० हजार शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं तीन दिवसांचं प्रशिक्षण हाती घेतलं. पंचवीस-पंचवीसच्या तुकड्या, शिकवणारे आपलेच मास्टर ट्रेनर. लांब मजकुराचा सारांश काढणं, चित्रं बनवणं, सादरीकरणं, प्रश्नपत्रिका, शिवाय खोटी चित्रफीत कशी ओळखावी आणि यंत्राचा पक्षपात कसा असतो, हे सगळं त्यात होतं. रचना जुनीच आणि ती टिकली याचा आनंद वाटतो. पण सीडीची सोय इथे नाही. ही साधनं बहुतांशी परदेशी कंपन्यांच्या सर्व्हरवर चालतात, स्वतःचं खातं उघडायला लावतात, फुकटची मर्यादा संपली की पैसे मागतात, आणि कार्यशाळेत पाहिलेला पडदा सहा महिन्यांनी तसाच असेल याची खात्री देत नाहीत. जिल्ह्याचा मास्टर ट्रेनर शाळेतला संगणक उघडून दुरुस्त करू शकत होता. या साधनांच्या बाबतीत शिक्षकाचा फोन आला की त्याने काय करायचं, हे केरळलाही अजून ठरवायचं आहे.